'भ'ची वाघर

अर्णव आणि बसू, दोघेही 'भ'ला 'म' वाचतात. 'भाकर' समोर आली की 'माकर' म्हणतात, 'धरण'चं 'घरण' करतात, आणि ओळ संपली की खालची ओळ सोडून तिसरीवर जातात. दोघंही चौथीत आहेत. दोघंही तोंडी हिशेबाला तल्लख. अर्णवच्या अडचणीला 'अध्ययन अक्षमता' हे नाव मिळालं तेव्हा त्याला आठवं संपून दोन महिने झाले होते. बसू दहाचा झालाय, आणि त्याच्या अडचणीला शाळेत आणि वस्तीवर एकच नाव आहे: ढ.

नावं दोन्ही बदललेली आहेत. अर्णव माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सांगलीत विश्रामबागला राहतो. बसू जत तालुक्याच्या पूर्व भागातला, जिथून सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं. मी दोघांनाही शिकवते. बसूला नोकरी म्हणून, अर्णवला मावशी म्हणून.

मी विशेष शिक्षिका आहे, २०१० पासून, करारावर. आधी सर्व शिक्षा अभियान होतं, २०१८ पासून समग्र शिक्षा. पाटी बदलली, आमची स्कूटी तीच. सोमवार ते शनिवार जतमध्ये एका खोलीत राहते आणि रविवारी मिरजेला घरी जाते. माझ्याकडे ३४ शाळा आणि ७१ मुलं आहेत: कुणाला कमी दिसतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा हात चालत नाही, कुणाला वाचता येत नाही आणि का येत नाही ते कुणी बघितलेलं नाही. दिवसाला दोन शाळा केल्या तरी एका मुलाच्या वाट्याला मी महिन्यातून एकदा येते, जमलं तर दोनदा. २८ ऑक्टोबर २०२१ ला रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि त्यावरच्या वर्गांना पंधरामागे एक. तो निकाल मी छापून खोलीतल्या भिंतीला लावलाय. कामावर निघताना रोज दिसतो.

बसूला मी पहिल्यांदा बघितलं ते दुसरीत. मागच्या भिंतीला टेकून बसलेला, हातात कोरी वही. गुरुजी म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावर वेळ घालवू नका, दुसरी मुलं बघा." त्या गुरुजींवर माझा राग नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले एक कायम कुठल्या तरी माहितीच्या कामात. आता निपुण भारत अभियान आल्यापासून तिसरीपर्यंत मुलाला वाचता आलं पाहिजे म्हणून त्यांच्यावरही ताण आहे, आणि ताण आला की न वाचणारं मूल आधी मागच्या भिंतीला जातं.

पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी बसूच्या आजोबांकडे पाणी प्यायला थांबले. आजोबा मेंढरं राखतात. बाजारातून एक व्यापारी आला होता. अकरा मेंढ्या, एकीचे साडेनऊ हजार, त्यातून आधी घेतलेले चाळीस हजार वजा. व्यापारी मोबाईल काढून बोटं मारत होता. बसू त्याच्याकडे न बघता, कोकराच्या कानातली गोचीड काढत म्हणाला, "चौसष्ट हजार पाचशे." व्यापाऱ्याने मोबाईल त्याच्याकडे फिरवला. आकडा तोच होता. मी तिथेच ठरवलं की हा मुलगा ढ नाही आणि ते सिद्ध करणं आता माझ्या कामात आलं.

वाचायला शिकवायची आमची एक पद्धत आहे. अक्षर डोळ्याने बघायचं, तोंडाने म्हणायचं आणि बोटाने गिरवायचं, तिन्ही एकदम. बाजारात त्याच्यासाठी खरखरीत कागदाची अक्षरं मिळतात. मी ज्वारीचं ताट घेते. ताटात ज्वारी पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. 'भ' आणि 'म' यांत फरक कुठे आहे ते मी त्याला दाखवत होते. 'म'च्या डोक्यावरची रेघ सलग असते, 'भ'ची डावीकडे तुटलेली असते. 'घ' आणि 'ध'चंही तेच. चार वेळा सांगितलं, चारही वेळा त्याने रेघ सलग ओढली. पाचव्यांदा त्याने ताटाकडे बराच वेळ बघितलं, ओढलेल्या रेघेतले चार-पाच दाणे बोटाने बाजूला सारले आणि म्हणाला, "बाई, 'म'ची वाघर बांधलेली हाय. 'भ'ची सुटल्या."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. ती एका कोपऱ्यात सुटली तर मेंढरं बाहेर पडतात, हे त्याला चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. पंधरा वर्षांत मला जे सांगता आलं नाही ते त्याने ज्वारीच्या ताटात दाखवलं. त्यानंतर त्याचा 'भ' दहापैकी सात वेळा बरोबर यायला लागला.

पुढच्या रविवारी मी ते अर्णवला सांगितलं. त्याला वाघर माहीत नव्हती. मी चित्र काढलं, मेंढरं काढली, एक मेंढरू सुटलेल्या कोपऱ्यातून पळताना दाखवलं. तो हसला आणि त्याला ते पक्कं बसलं. बहीण त्याला आठवड्यातून दोनदा एका खास शिकवणीला पाठवते, तासाला पाचशे रुपये. तिथल्या बाईंनाही ती युक्ती आवडली, त्या आता बाकीच्या मुलांनाही वाघरच शिकवतात. म्हणजे बसूचं डोकं विश्रामबागेत कामाला आलं.

महिन्याचे आठ तास, चार हजार रुपये. समग्र शिक्षात विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातच साधनं, त्यातच भत्ते, त्यातच शिबिरं. मुलींना वर दरमहा दोनशे रुपये, दहा महिने. माझ्या बहिणीचं यात काहीही चुकलेलं नाही. अर्णव दुसरीत असताना ती रात्र रात्र जागून रडलेली मी पाहिली आहे. तिच्याकडे पैसे होते, तिने ते मुलासाठी घातले. बसूची आई महादेवीही तेच करते आहे, आणि तिचे किती पैसे गेले ते मला रुपयागणिक माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी मी तिच्याबरोबर होते.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मोफत मिळतं, असं आम्ही पालकसभेत सांगतो. ते खरंच आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होते. वाचन-लेखनाची ही अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, २०१६ मध्ये आत आली. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. अट एकच, हातात सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे. आणि ते मंडळ बसतं शहरात.

पहिली खेप जुलैत. महादेवी आणि बसू पहाटे साडेपाचला शेजाऱ्याच्या गाडीवरून फाट्यावर आले, तिथून एसटीने जत, जतहून मी त्यांच्याबरोबर. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, बसूचं मुलाचं अर्धं. अपंगांना एसटीत ७५ टक्के सवलत असते, पण ती प्रमाणपत्र दाखवल्यावर. प्रमाणपत्र आणायला जाताना ती मिळत नाही. साडेदहाला एका सरकारी दवाखान्यात पोचलो. एक वाजता खिडकीवर कळलं की आधारवर नाव बसवराज आहे आणि शाळेच्या दाखल्यावर बसप्पा. परत जा, दुरुस्त करून या.

दुसरी खेप ऑगस्टमध्ये. नाव दुरुस्त झालं होतं, पण तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ शिबिराला गेल्या होत्या. त्या दिवशी आमच्यासारखी तीसेक माणसं परत गेली. एक बाप पोराला पाठीवर घेऊन आला होता, पोरगं चांगलं बारा वर्षांचं.

तिसऱ्या खेपेला तपासणी झाली.

या तीन खेपांत महादेवीचे खुरपणीचे तीन रोज बुडाले, तीनशेप्रमाणे नऊशे. गाडीभाडं आणि खाणं धरून दोन हजारांच्या वर गेलं. अर्णवच्या वेळी माझ्या मेव्हण्यांनी एक दिवस रजा टाकली होती. पगारी रजा. दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांवर. त्याआधी एका खासगी तज्ज्ञाकडे तीन बैठका झाल्या होत्या, वेगवेगळ्या दिवशी, सकाळच्या वेळी, मूल ताजंतवानं असताना. सहा हजार रुपये आणि आठ पानांचा अहवाल. तो अहवाल फाईलला लावलेला होता, त्यामुळे सरकारी मंडळापुढे त्याला फार काही विचारावं लागलं नाही.

बसू पहाटे चारला उठला होता, एसटीत दोनदा उलटी झाली होती, आणि सकाळपासून पोटात फक्त एक वडापाव. दुपारी दोनला त्याला आत घेतलं. मला बाहेर थांबायला सांगितलं, ते बरोबरच आहे, नियम तसाच आहे. महादेवी बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि सरळ आईच्या कुशीत शिरून तिच्याशी कन्नडात बोलायला लागला. काय विचारलं रे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "चित्रं व्हती. त्या बाई लई घाईनं बोलत हुत्या. मला म्हाईत व्हतं, पर मराठीत आठवंना."

बसूच्या घरी कन्नड बोलतात. आमच्या पूर्व भागात निम्म्या गावांत तसंच आहे. काही गावांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, बसूच्या गावात मराठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला तेव्हा इथे महिनाभर टीव्हीच्या गाड्या उभ्या होत्या. त्या गावातलं पोर चाचणीला बसलं तर त्याला कुठल्या भाषेत विचारायचं, हा प्रश्न मात्र तेव्हाही कुणाला सुचला नाही आणि आजही त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याचा बुद्ध्यांक आला ८१.

हा आकडा काय करतो ते समजून घ्यायला मला स्वतःला दोन रात्री लागल्या. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे मूल आठ वर्षांचं झाल्यावर आधी बुद्ध्यांक काढतात. तो ८५ च्या वर असला तरच पुढची अध्ययन अक्षमतेची चाचणी घेतात. हुशार असूनही वाचता येत नाही, हे दाखवायचं असतं म्हणून. ७० च्या खाली गेला तर बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. बसू मधे सापडला. एका दारातून आत जाण्याइतका हुशार ठरला नाही, दुसऱ्या दारातून आत जाण्याइतका मागे नाही. कागदावर त्याला काहीच झालेलं नाही. म्हणजे उद्या दहावीला तो बाकीच्यांसारखाच तीन तास बसणार आणि 'भ'ला 'म' वाचून नापास होणार.

या आकड्यात त्याची उलटी आहे, वडापाव आहे, घाईने विचारलेली परकी भाषा आहे, कधी न पाहिलेल्या वस्तूंची चित्रं आहेत. मी माझ्या चाचणीच्या कागदांवरूनच सांगते. त्यात फ्रिजचं चित्र आहे, आणि माझी निम्मी मुलं त्याला कपाट म्हणतात. नियमाने ते चूक धरायचं असतं. मी बरोबर धरते. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्याने कपाट म्हटलं तर त्याचं निरीक्षण चांगलंच आहे, दार उघडतं, आत फळ्या आहेत, वस्तू आहेत. चाचणी मुलाची बुद्धी मोजायला निघते आणि वाटेत त्याच्या घराची परिस्थिती मोजून येते. अर्णवचा आकडा १०४ आला होता. त्याची चाचणी इंग्रजीत झाली, त्याच्या शाळेच्या भाषेत. मला माझा भाचा प्रिय आहे. तरी दोघांना मांडीशी घेऊन शिकवणारी बाई म्हणून मी शपथेवर सांगेन, त्या दोन पोरांच्या डोक्यात तेवीसचा फरक नाही.

बसूचं एकट्याचं असतं तर मी नशीब म्हणून गप्प बसले असते. माझ्याकडे रेणुका आहे, सातवीत. तिला शिबिरात श्रवणयंत्र मिळालं, चांगलं. मी गेले तेव्हा ते पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. महागाची वस्तू, हरवली तर काय, म्हणून आई काढू देत नव्हती. मी समजावलं, कानाला लावून दिलं, ती आठ दिवस ऐकत होती. मग सेल संपला. तो बटणासारखा सेल आठ-दहा दिवसच चालतो, आमच्या भागात मिळत नाही, जतलाही एकाच दुकानात. यंत्र फुकट आहे, सेल विकतचा आहे. मी आता सांगलीहून येताना सेलची पाकिटं पर्समध्ये ठेवते, बसचे सुटे पैसे ठेवतात तशी.

सांगली जिल्हा बाहेरच्यांना कृष्णाकाठचा माहीत असतो. ऊस, हळद, द्राक्षं, कारखाने. त्याच उसाला कोयता लावायला आमच्या जतची माणसं जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीनंतर टोळी निघते आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परत येते. बसूला दरवर्षी आजोबांकडे ठेवायचे. यंदा आजोबांना अर्धांगवायू झाला, मेंढरं विकली, आणि बसू टोळीबरोबर गेला.

जाणाऱ्या मुलासाठी शाळा शिक्षण हमी पत्रक देते, तिथल्या शाळेने त्याला त्यावर दाखल करून घ्यायचं असतं. त्या पत्रकात मुलाचं नाव, इयत्ता, काय येतं काय नाही एवढं असतं. मी त्याला एक जास्तीचा कागद टाचणीने लावला. वरच्या ओळीला लिहिलं, "ज्या कुणा शिक्षकांकडे हा मुलगा येईल त्यांना नमस्कार." खाली लिहिलं की त्याला फळ्यावरून उतरवायला लावू नका, कानाने शिकवा. वाचताना ओळीखाली पट्टी धरू द्या. मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचायला सांगू नका. हिशेब तोंडी विचारा, त्याची हुशारी तिथे दिसेल. आणि 'भ' चुकला तर एवढंच म्हणा, वाघर बघ.

कागद पोचला की नाही याची मला फार धाकधूक होती. टोळीच्या खोपी फडाच्या मागे सरकत राहतात, आज या गावात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महादेवीचा फोन आला, रात्री साडेनऊला, मोळ्या भरून झाल्यावर. कागद तिने शाळेत दिला होता. तिथल्या बाईंनी वाचला आणि बसूला पहिल्या ओळीत बसवलं. एवढं ऐकून मी खाटेवर बसले.

मागे ट्रॅक्टर सुरू होता. बसू कुठे आहे म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "ट्राली वाचतोय." तिने फोन तिकडे केला. हेडलाईटच्या उजेडात तो ट्रॉलीच्या फळीवरचं नाव वाचत होता, अक्षर सुटं करून, मोठ्याने. "भै... र... व... ना... थ." मधे थांबला, मग सगळं एकदम म्हणाला, "भैरवनाथ." मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

महादेवी परत फोनवर आली. मार्चअखेरीला टोळी परतली की पुन्हा तपासणीला जायचं, असं आमचं ठरलंय. तारीख मागितली आहे. बरोबर एक अर्जही दिलाय, की चाचणीच्या वेळी कन्नड येणारं कुणीतरी माणूस द्यावं. मी तिला तेच सांगत होते, कुठली गाडी, कुठले कागद, दोन दिवसांच्या रोजाचं काय करायचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, त्या टायमाला तरी त्येला आमच्या भाषेत इचारतील न्हवं?"

अर्ज मी ऑक्टोबरमध्ये दिला. अजून उत्तर आलेलं नाही.